पोट दाराकडे, अर्थात गिअरबॉक्स उतरविल्याची हकीकत

श्री. ज्याचे नाव आरंभी घ्यावे त्याचे घेतले, ज्याच्या कृपेने सांडलेले नटबोल्ट पुन्हा सापडतात त्यास नमस्कार केला, आणि मग लेखणी हाती धरिली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य पंचमी, सोमवार, ते दिवशी एका राज्यात पिकअप गाडीचा गिअरबॉक्स घरच्या घरी उतरविण्याची मोहीम निघाली, तिची ही हकीकत. राज्याचे नाव लिहीत नाही, राजांचेही लिहीत नाही. राज्य अर्ध्या एकराचे आणि त्यात घडलेली लाज त्याहून मोठी, म्हणून नावे गाळणे बरे. चतुःसीमा मात्र लिहितो, कारण दार कोणत्या दिशेस होते याचे पुढे काम पडणार आहे. उत्तरेस राजवाडा, म्हणजे दोन खोल्या, सोपा आणि स्वयंपाकघर, आणि त्याचे एकुलते एक दार दक्षिणेकडे अंगणात उघडणारे. अंगणापलीकडे दक्षिणेस राजकन्या वृंदाबाई यांची रोपवाटिका. पूर्वेस रस्ता. पश्चिमेस सदोबा यांचे कुंपण; हे सदोबा निवृत्त बस कंडक्टर, आणि त्यांच्या कानी पडलेली गोष्ट पुढच्या थांब्यावर त्यांच्याआधी पोहोचते ऐसी त्यांची ख्याती. राणीसाहेब सुमतीबाई यांची आज्ञा जाहली की, "जे झालं ते झालं तसं लिहून काढा, कुणाची बाजू सावरून लिहू नका." आज्ञा कडक होती, म्हणून लिहिले.

तर त्या राज्यात एक राजे होते. त्यांनी तीस वर्षे सरकारी तंत्रशाळेत मोटारीची विद्या शिकविली आणि आठ वर्षांमागे निवृत्त जाहले. शाळेच्या वर्कशॉपात लोखंडी घोडीवर गिअरबॉक्ससह एक कापलेले इंजिन होते, घोडीस चाके होती, आणि ते नेहमी ऐसे उभे असे की गिअरबॉक्सचे टोक दाराकडे आणि इंजिनाचे टोक फळ्याकडे. क्लचप्लेट ही चकती या दोहोंच्या मध्ये बसते. तिची एक बाजू सपाट आणि एक बाजू पोट सुटल्यासारखी फुगीर. फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे राहिली पाहिजे, उलटी बसली तर क्लच सुटत नाही. विद्यार्थ्यांच्या ध्यानी राहावे म्हणून राजांनी एक सूत्र बांधिले होते, "पोट दाराकडे, पाठ फळ्याकडे," आणि हे सूत्र रोज सकाळी तीस पोरांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे, आणि त्यात आपल्या अध्यापनाचे मोठे कौतुक मानावे. अठ्ठावीस वर्षांमागे जालिंदर कुंभार म्हणून एक विद्यार्थी होता. हात चांगला, बोलणे कमी. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक समोर उभे असता त्याने प्लेट उलटी बसविली. परीक्षक हसले. राजांस तो आपला अपमान वाटला, आणि मग त्यांनी ती प्लेट तारेत ओवून जालिंदरच्या गळ्यात अडकविली. तो काही पुटपुटू लागला, ते ऐकून घेतले नाही, आणि "दारातच जाऊन उभा राहा" ऐसी आज्ञा केली. तो उभा राहिला. शाळा सुटली तेव्हा राजे परीक्षकांस पोहोचवावयास मागल्या वाटेने गेले, आणि त्यास आत बोलवावयाचे राहून गेले. दुसरे दिवशीपासून जालिंदर शाळेत आला नाही. पुढे तो ट्रकांच्या अड्ड्यावर हेल्पर राहिला, मग मिस्त्री जाहला, मग त्याने स्वतःची शेड टाकिली, आणि आज पंचक्रोशीत गाडी बिघडली की लोक प्रथम त्याचे नाव घेतात. राजे मात्र त्या रस्त्याने जाणे टाळीत, आणि कोणी त्याची स्तुती केली तर "माझ्याकडे होता, नापास झाला" एवढे बोलून चहा पीत.

वृंदाबाईंची पिकअप गाडी होती, ती त्या स्वतः चालवीत आणि रोपे गावोगाव पोहोचवीत. ज्येष्ठात त्या गाडीस दुखणे लागले. चढावर इंजिन ओरडे पण गाडी पुढे सरकेना, आणि जळका वास सुटे. क्लचप्लेट झिजली हे उघडच होते. गुरुवारी सातशे आंब्याची कलमे पलीकडच्या तालुक्यात एका गावी न्यावयाची होती, आणि गावकऱ्यांनी खड्डे खणून ठेविले होते. वृंदाबाई बोलिल्या, "बाबा, मी जालिंदरकाकांकडे टाकते. ते एका दिवसात देतात." राजे बोलिले, "गिअरबॉक्स मी तीस वर्षे शिकवला. तो उतरवायला मी जालिंदरकडे जायचं?" राणीसाहेब म्हणाल्या, "शिकवलात, पण उतरवलात कधी?" हा प्रश्न खरा होता. घोडीवरचा गिअरबॉक्स राजांनी शेकडो वेळा उतरविला होता, पण तो कमरेइतक्या उंचीवर, समोर उभे राहून, अंगास तेल न लागता. गाडीखाली आडवे होऊन एकदाही नाही. ज्यांस उत्तर नसते ते जैसा आवाज चढवितात तैसा राजांनी चढविला, आणि मोहीम ठरली. मग वृंदाबाई कोणास न सांगता जालिंदरच्या शेडवर गेल्या आणि त्याजकडून योग्य मापाची नवी प्लेट घेऊन आल्या. त्याने प्लेटीसोबत आपला डमी शाफ्टही दिला, जो प्लेट मधोमध बसविण्यास लागतो, आणि निरोप दिला की, "सरांना म्हणावं, लागलं तर हाक मारा, म्या येतो." निरोप ऐकून राजे नुसते "हूं" म्हणाले.

सोमवारी पावसाने उघडीप दिली. अंगणात फरशी फक्त दारापुढे आहे, बाकी चिखल, म्हणून गाडी दाराकडे तोंड करून फरशीवर उभी केली. मग शस्त्रे काढिली. जॅक दोन, लाकडी ओंडके चार, टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, एक, पाने दहा नंबरापासून चोवीस नंबरापर्यंत, आणि गिअरबॉक्स टेकविण्यास राणीसाहेबांची जुनी गोधडी. बोल्ट हरवू नयेत म्हणून मिसळणाचा डबा रिकामा करवून घेतला, आणि मोहरीच्या वाटीत बारा नंबरचे, हळदीच्या वाटीत चौदा नंबरचे, आणि जिऱ्याच्या वाटीत सतरा नंबरचे ऐसे ठेविले. राणीसाहेब दारात उभ्या राहून पाहत होत्या. सदोबा कुंपण ओलांडून आले. मग राजे पाठीवर पडून आत शिरले आणि प्रथम मागला शाफ्ट सोडविला, मग वायरी, मग केबल, आणि मग बेल हाउसिंगचे बोल्ट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांस जोडणाऱ्या कड्याचे. सगळ्यांत वरचा बोल्ट दिसेना, हाताने चाचपावा लागे, आणि त्यास सोडविता सोडविता दुपार जाहली आणि राजांच्या दोन बोटांची सालटी गेली. शेवटी सदोबांनी जॅक धरिला आणि राजांनी टॉमी घातली आणि गिअरबॉक्स सुटला, तो जॅकवर न बसता अर्धा राजांच्या पोटावर बसला. राजे गुदमरले. सदोबा म्हणाले, "सर, हूं म्हणा म्हंजे कळंल जित्तं हायसा." राजांनी हूं म्हटले. मग दोघांनी मिळून तो गोधडीवर सरकविला, आणि राजे बाहेर येऊन उभे राहिले आणि जणू किल्ला सर केला ऐसे चहूंकडे पाहिले. गिअरऑइल फरशीवरून ओघळत उंबऱ्यापर्यंत गेले, ते राणीसाहेबांनी राख टाकून पुसले.

दुसरे दिवशी, षष्ठीस, प्लेट बदलावयाची. वरचे झाकण, ज्यास प्रेशर प्लेट म्हणतात, ते सोडविले तेव्हा जुनी प्लेट हातातून निसटली आणि गडगडत सदोबांच्या कुंपणाशी जाऊन पडली. ती कोणत्या बाजूस तोंड करून बसली होती हे पाहावयास हवे होते. राजांनी पाहिले नाही. जे तीस वर्षे तोंडपाठ आहे ते पाहावे कशास. नव्या प्लेटीवर कारखानदाराने बाजू सांगणारी अक्षरे उठविली होती, पण आडवे पडले की चष्मा कपाळावर सरके, म्हणून राजांनी तो काढून खिशात ठेविला होता. मग राजांनी नवी प्लेट हातात धरिली आणि मान वळवून दाराकडे पाहिले. दारात राणीसाहेब चहा घेऊन उभ्या होत्या. राजे मोठ्याने म्हणाले, "पोट दाराकडे, पाठ फळ्याकडे," आणि सदोबांकडून तेच दोन वेळा म्हणवून घेतले, आणि फुगीर बाजू दाराकडे करून प्लेट बसविली, आणि डमी शाफ्ट घालून मध्य साधिला, आणि झाकण आवळले. दार ज्या बाजूस होते त्याच बाजूस गाडीचे तोंड होते आणि त्याच बाजूस इंजिन, हे तेव्हा त्यांच्या ध्यानी आले नाही. मग गिअरबॉक्स चढविला. चढविताना तो तीन वेळा खाली आला आणि चौथ्यांदा बसला, आणि बोल्ट सर्व भरले, आणि मिसळणाच्या डब्यात एकही शिल्लक राहिला नाही. राजांनी रिकामा डबा राणीसाहेबांस दाखविला आणि म्हणाले, "मोजून घ्या." त्या म्हणाल्या, "मला डबा नको आता. त्याला डिझेलचा वास लागला."

मग राजे स्वतः गाडीत बसले आणि क्लच दाबला आणि इंजिन चालू केले आणि गिअर टाकावयास गेले, तो गिअर पडेना. कर्कश आवाज जाहला, तो रस्त्यापलीकडे ऐकू गेला. राजांनी पुन्हा क्लच दाबला, जोराने दाबला, आणि आवाज तोच. सदोबा म्हणाले, "आमचं डायवर लोक काय करत्यात सर, गाडी बंद करायची, गिअर टाकायचा, क्लच दाबायचा आन् मग स्टार्टर मारायचा." राजांस हे पटले. तोंडापुढे उंबरा असल्याने रिव्हर्स टाकिला, क्लच तळापर्यंत दाबला आणि स्टार्टर मारिला. गाडीने मागे उडी घेतली. क्लच दाबला म्हणजे गाडी सुटी होते हे राजांनी हजारो पोरांस सांगितलेले, म्हणून घाबरून त्यांनी क्लचच आणखी दाबून धरिला, ब्रेक विसरले, आणि गाडी मागे जातच राहिली आणि वृंदाबाईंच्या कलमांच्या रांगांत शिरली. चावी फिरवावयाचे सुचले तोवर तीन रांगा चिरडल्या होत्या. वृंदाबाई धावत आल्या. त्यांनी खाली बसून एक एक पिशवी सरळ करून पाहिली, आणि मोडलेली बाजूस ठेविली. एकसष्ट निघाली. ही कलमे त्यांनी स्वतः बांधिली होती, प्रत्येक पट्टी हाताने. मग त्यांनी फक्त इतके विचारले, "बाबा, काय झालं?"

राजे गाडीतून उतरले. समोर कन्या, दारात राणी, कुंपणाशी सदोबा. राजांस ठाऊक नव्हते काय जाहले, आणि ठाऊक नाही हे म्हणण्याची त्यांस सवय नव्हती. म्हणून ते बोलिले, "प्लेट नकली आहे. जालिंदरने नकली माल दिला. त्याचं काम असंच, पहिल्यापासून." सदोबांनी मान डोलाविली आणि तडक बाहेर गेले.

येथवर लिहिले आणि लेखणी दोन दिवस ठेवून दिली. आता लपवून उपयोग नाही. राजे म्हणजे हा लिहिणाराच. 'राजे' लिहिले की दुसऱ्या कोणाचे लिहितो आहोत ऐसे वाटून हात चालतो, आणि 'मी' लिहिले की थांबतो. म्हणून पुढेही राजेच लिहितो, वाचणाऱ्याने समजून घ्यावे. प्लेट उलटी बसणे ही चूक होती, चूक कोणाचीही होते. पण नकली मालाचे जे बोलिले ते चुकून बोलिले नाही. बोलताना आत कोठेतरी ठाऊक होते की याला आधार काही नाही, आणि तरी बोललो. त्या संध्याकाळी दूधवाल्याच्या दोन गाड्या जालिंदरकडे कामास जावयाच्या होत्या, त्या सदोबांची बातमी ऐकून दुसरीकडे गेल्या. ज्या माणसास अठ्ठावीस वर्षांमागे एका वर्गापुढे खाली पाहावयास लाविले, त्याचे नाव आता गावापुढे घालविले.

सप्तमीस, बुधवारी, सकाळीच जालिंदर आला. आपला मोठा जॅक घेऊन आला. कोणी बोलाविले नव्हते. राजांस वाटले भांडावयास आला, आणि ते भांडणाची तयारी करून सोप्यात उभे राहिले, पण त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, माल माझा हाय, म्हंजे बघायला मला पायजे." कलमांतून त्याने गाडी ढकलून पुन्हा फरशीवर दाराकडे तोंड करून आणिली, चाकांखाली ओंडके दिले आणि आत शिरला, आणि राजेही त्याच्या शेजारी आडवे जाहले, कारण लांब उभे राहणे अधिक कठीण होते. राजांस जो बोल्ट सोडविण्यास अर्धा दिवस लागला तो त्याने न पाहता सोडविला. गिअरबॉक्स जॅकवर अलगद बसला. मग त्याने झाकण सोडविण्याआधी आत बॅटरी मारली आणि पाहिले. मग मान वळवून घराच्या दाराकडे पाहिले. मग हळू म्हणाला, "सर, पोट दाराकडं."

राजे म्हणाले, "हो. तसंच बसवलंय. पोट दाराकडे, पाठ फळ्याकडे."

जालिंदर म्हणाला, "सर, हितं फळा कुठाय?"

राजांनी पाहिले. डोक्याच्या बाजूस इंजिन, इंजिनापलीकडे दार. पायांच्या बाजूस गिअरबॉक्स आणि रोपवाटिका. फुगीर बाजू इंजिनाकडे होती. जालिंदर वर पाहतच बोलत राहिला, आणि आवाज वर चढू दिला नाही. "म्याबी तसंच बसवलं हुतं. परीक्षेदिवशी लाईट गेल्ती. उजेडासाठनं तुमीच इंजिन ढकलत भाईर व्हरांड्यात आणलं. दार हुतं त्या जाग्यालाच ऱ्हायलं की सर, इंजिनाच्या पल्याड. म्या तुमचं वाक्य म्हणलं आन् बसवलं." राजे म्हणाले, "मग तेव्हा बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "बोललो की. सर, दार, एवढंच निघालं तोंडातनं. तुमी म्हणाला, दारातच जाऊन हुबा ऱ्हा."

हे ऐकून राजांस जी लाज वाटली ती लिहिता येत नाही. आपण केली म्हणून चूक समजावी आणि त्याने केली म्हणून मूर्खपणा, ऐसे इतकी वर्षे मानिले, आणि चूक दोन्ही वेळा एकाचीच, सूत्र बांधणाऱ्याची. जालिंदरने मात्र पुढे काही काढिले नाही. प्लेट सोडविली, पुसली, फिरविली आणि म्हणाला, "शाफ्ट द्या सर." राजांनी शाफ्ट दिला. "बारा नंबर द्या." राजांनी मोहरीच्या वाटीतून दिला. येणेप्रमाणे तीस वर्षे शिकविणारा हेल्पर जाहला आणि नापास जाहलेला मिस्त्री, आणि दुपारच्या आत गाडी सुरू जाहली, आणि गिअर बोटाने पडू लागला.

आणि मग जे घडले ते याहून वाईट. सदोबा कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि विचारते जाहले, "काय निघालं म्हणायचं? पिलेट नकलीच न्हवं?" राजांनी तोंड उघडले. सत्य दोन शब्दांचे होते. जालिंदरने राजांच्या तोंडाकडे एकवार पाहिले, आणि हात पुसत पुसत स्वतःच म्हणाला, "व्हय, पिलेटच खराब निघाली. माझीच चूक, बघून द्याया पायजे हुती. बदलली." आणि जॅक उचलून निघाला. राजे गप्प राहिले. राजांनी त्यास रस्त्यापर्यंत पोहोचविलेही नाही. सदोबांस पक्का पुरावा मिळाला, तोही खुद्द मिस्त्रीच्या तोंडून, आणि ते पायांत चप्पल सारून निघाले.

गुरुवारी वृंदाबाई सहाशे एकोणचाळीस कलमे घेऊन गेल्या आणि एकसष्ट खड्डे रिकामे ठेवून आल्या, आणि गावकऱ्यांची माफी त्यांनी मागितली. शुक्रवारी जेवताना त्या म्हणाल्या, "बाबा, जालिंदरकाकांनी प्लेट बदलली म्हणे. मग खराब निघालेली कुठाय? अंगणात झिजलेली जुनी एकच पडलीय." राजे म्हणाले, "घेऊन गेला असेल." हे दुसरे खोटे. राणीसाहेबांनी आमटी वाढिता वाढिता पळी भांड्यात ठेविली आणि म्हणाल्या, "बुधवारी मी दारातच उभी होते. चहा घेऊन. सगळं ऐकलंय." मग कोणी जेविले नाही. वृंदाबाईंस सर्व सांगितले गेले, राणीसाहेबांनीच सांगितले, राजे ताटाकडे पाहत राहिले. वृंदाबाई म्हणाल्या, "एकसष्ट रोपं मी पुन्हा करीन बाबा. त्याचं काही नाही." आणि उठून गेल्या. त्या चिडल्या असत्या तर बरे होते. राणीसाहेब म्हणाल्या, "तोंडानं बोलणं तुम्हाला जमायचं नाही. ऐन वेळी वळवाल. लिहून काढा, आणि त्याच्या शेडवर जाऊन त्याच्या माणसांपुढं वाचा. सदोबांना बरोबर घेऊन जा, म्हणजे पुढं सांगायचं काम तेच करतील." ती आज्ञा आरंभी लिहिली आहे.

यापुढील मजकूर शेडवरून परत आल्यावर लिहिला. ज्येष्ठ अमावास्येस सकाळी राजे सदोबांस मागे बसवून स्कूटरवर निघाले. सदोबांस कशासाठी ते सांगितले नव्हते. शेडमध्ये जालिंदर आणि त्याचे चार कामगार होते, आणि दुसरा एक दूधवाला आपली गाडी दाखवावयास आला होता. राजांनी चष्मा नीट नाकावर घातला आणि दारातच उभे राहून वाचावयास आरंभ केला. कामगारांस प्रथम गंमत वाटली आणि गोधडीचा मजकूर येताच ते हसले. नकली मालाचा मजकूर आला तेव्हा हसणे थांबले, आणि सदोबा आपल्या चपलांकडे पाहू लागले. जालिंदर मध्येच म्हणाला, "पुरं की सर." राजे म्हणाले, "नाही. वाचू दे." आणि पुढे व्हरांड्याचे, दाराचे आणि लाजेचे सर्व वाचिले, आणि गप्प राहिल्याचेही वाचिले. वाचून जाहल्यावर राजांनी कागदांची घडी घातली. तेव्हा त्यांचे लक्ष दाराशेजारच्या भिंतीकडे गेले. खुंटीस तारेत ओवलेली एक जुनी क्लचप्लेट टांगली होती, आणि तीवर ऑइलपेंटने अक्षरे होती: पोट गिअरबॉक्सकडे. दार कुठंबी असू दे.

राजांनी विचारले, "तीच का?" जालिंदर म्हणाला, "तीच. शाळा सुटली, अंधार पडाया आला, कुणी आत ये म्हणंना, मग गळ्यात तशीच घिऊन घरी गेलो. परत द्याची ऱ्हायली सर." राजांनी पुढे होऊन ती खुंटीवरून काढिली आणि तार दोन्ही हातांनी रुंद करून आपल्या डोक्यावरून घालू लागले. जालिंदरने येऊन मध्येच हात धरिला, प्लेट काढून घेतली आणि पुन्हा खुंटीस अडकविली. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर. तार मानंला लई रुतती." आणि मग, "दारात का हुबं? आत या."

येणेप्रमाणे मोहीम संपली. गिअरबॉक्स एक, दोनदा उतरला, दोनदा चढला. कलमे एकसष्ट मोडली, ती वृंदाबाई नव्याने बांधीत आहेत आणि पिशव्या भरण्याचे काम राजांकडे आहे. मिसळणाचा डबा नवीन आला. दूधवाल्याच्या गाड्या जालिंदरकडे परत गेल्या. जे सूत्र तीस वर्षे शिकविले ते खोटे नव्हते, अर्धे होते, आणि उरलेले अर्धे एका विद्यार्थ्याने तोंडात आणिले तेव्हा ऐकून घेतले नाही. बखरीखाली लिहिणाराचे नाव नसते, परंतु राणीसाहेबांनी वाचून पाहिले आणि आरंभी गाळलेले नाव शेवटी घालावयास सांगितले, ते घालितो.

मनोहर विष्णू साबणे, शिल्पनिदेशक, निवृत्त.